फॅक्टरीत बांधलेलं घर: जुनं घ्यावं की नवं?

अमेरिकेत ज्याला लोक अजूनही 'मोबाइल होम' म्हणतात, ते घर एकदा जागेवर बसलं की सहसा तिथून हलत नाही. पोलादी चासीवर ते कारखान्यात तयार होतं, ट्रकला जोडून आणतात आणि खांबांवर टेकवतात. साध्या घरापेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून निवृत्त माणसं, नव्याने संसार मांडणारी जोडपी, लहान गावातली कुटुंबं तिकडे वळतात. टेक्सासमध्ये एका मित्रासाठी अशी घरं बघत मी बरेच शनिवार घालवले. जुनं की नवं, हा प्रश्न नुसत्या वयावर सोडवायला गेलं तर माणूस हमखास फसतो, हे त्या भटकंतीत पटलं.

आधी तारीख शोधा

१५ जून १९७६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून अशा घरांना देशभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. ती केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, आणि त्या खात्याचं छोटं नाव 'हड' (HUD), म्हणून तिला 'हड कोड' म्हणतात. त्याआधीचं ते 'मोबाइल होम', नंतरचं ते 'मॅन्युफॅक्चर्ड होम'. आधीच्या घरांची वायरिंग, आगीपासूनचं संरक्षण, भिंतींची ताकद यांना देशभरासाठी एकच सक्तीचं माप नव्हतं. त्यांच्यावर एफएचए या गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या हमीचं कर्ज मिळत नाही, विमा कंपन्या काचकूच करतात आणि घरं उभी करायला भाड्याने जागा देणारे बरेच पार्क असं घर आत आणूच देत नाहीत. किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी माझं मत स्पष्ट आहे: १९७६ पूर्वीचं घर घेऊ नका.

पुरावा घरावरच असतो. बाहेरच्या बाजूला लाल रंगाची छोटी धातूची पट्टी असते. घर दोन भागांचं, म्हणजे डबल-वाइड असेल, तर प्रत्येक भागावर एक. आत ओट्याखालच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात एक कागद चिकटवलेला असतो, त्याला 'डेटा प्लेट' म्हणतात. तिचा फोटो काढून ठेवा. पट्टी गहाळ असेल तर आयबीटीएस ही संस्था नोंदी तपासून पत्र देते, पण ते काम विकणाऱ्याने सौद्याआधी करून द्यावं.

मग १९९४ ची रेघ ओढा

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली अशी हजारो घरं उद्ध्वस्त केली. त्यानंतर वाऱ्याचे नियम कडक झाले आणि जुलै १९९४ पासून लागू झाले. उष्णतारोधनाचे निकषही त्याच वर्षी वाढले. त्यामुळे १९८५ चं आणि १९९८ चं घर, दोन्ही 'जुनी' म्हणून एका पारड्यात टाकू नका.

डेटा प्लेटवर वाऱ्याचा झोन (१, २ किंवा ३), म्हणजे घर किती जोराच्या वाऱ्यासाठी बांधलंय ते, आणि छपराने पेलायचं वजन लिहिलेलं असतं. दक्षिणेसाठी बांधलेलं छप्पर दर चौरस फुटाला २० पौंड पेलेल असं असतं, उत्तरेकडच्याला ४० लागतात. घर दुसऱ्या राज्यातून आणायचा विचार असेल तर हे आकडे आधी बघा. नाहीतर पहिल्याच बर्फात छप्पर बोलायला लागेल.

पाण्याचा माग काढा

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. जुन्या घरांची जमीन बहुधा लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डची असते. पाणी लागलं की ती फुगते आणि मग भुसभुशीत होते. कमोडभोवती, टबाच्या कडेने, गीझरच्या कपाटाजवळ, बाहेरच्या दारापाशी, खिडक्यांखाली अगदी सावकाश चाला. एका घरात न्हाणीघराला नवीन व्हिनाइल घातलं होतं. दिसायला झकास, पण पाय टेकला तर जमीन दबली. आम्ही तिथूनच परतलो.

नळांचे पाइप राखाडी प्लास्टिकचे आहेत का, तेही बघा. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान पॉलिब्युटिलीनचे पाइप खूप वापरले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे सांधे आतून ठिसूळ होतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. असे पाइप असतील तर सगळे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आता टॉर्च घेऊन घराखाली शिरा. घराच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला लावलेलं काळं आवरण कुठे फाटलंय, कुठे पिशवीसारखं लोंबतंय? लोंबत असेल तर आत पाणी साचलेलं असू शकतं. घर जमिनीला बांधून ठेवणारे पट्टे ताणलेले आहेत का, गंजलेत का? दारं अडकत असतील तर खांब खचलेले असण्याची शक्यता जास्त.

नव्या घरालाही ही तपासणी लागतेच, कारण कारखान्यात सगळं नीट झालं तरी जागेवर बसवताना गडबड होऊ शकते. केंद्राच्या तंटा निवारण योजनेत पहिल्यांदा घर बसवल्यापासून एका वर्षाच्या आत नोंदवलेल्या दोषांचाच विचार होतो. म्हणून नवीन घरातली प्रत्येक तक्रार पहिल्याच वर्षात, लेखी आणि तारखेसकट करा.

जमीन कोणाची?

घर तुमचं आणि जागा पार्कवाल्याची असेल, तर दर महिन्याला जागेचं भाडं आलं आणि ते वाढतही जातं. शिवाय अशा घराची मालकी बऱ्याच राज्यांत गाडीसारख्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर असते. कर्जही जंगम मालमत्तेचं मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी. स्वतःच्या जमिनीवर, पक्क्या पायावर असलेलं घर स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवता येतं आणि तिथे कर्जाचं दार मोठं उघडतं. जुनं घर घेताना टायटलवर कोणाचं कर्ज, थकलेला कर किंवा भाडं नाही ना, हे तपासूनच पैसे द्या.

नव्याची किंमत विचारताना वाहतूक, खांब, एसी, पायऱ्या, घराखालची मोकळी जागा झाकणारी झालर, वीज-पाण्याची जोडणी यांतलं काय धरलंय ते कागदावर मागा. शोरूममधल्या आकड्यात यातलं बरंच काही नसू शकतं.

भाड्याच्या जागेवरचं चकचकीत नवं घर आणि स्वतःच्या जमिनीवरचं, कोरड्या पोटाचं १९९४ नंतरचं घर, असे दोनच पर्याय समोर असतील तर मी दुसरं घेईन. मात्र ते बघायला जोरदार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, आणि कपडे मळले तरी चालतील असेच घाला.