एसपीआय ड्रायव्हरला डीएमए जोडायचाय? मग हा क्रम धरा

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक टेस्ट बेंचसाठी आम्ही एक लिनक्स बोर्ड केला. आठ प्रेशर सेन्सर, प्रत्येकाची सेकंदाला १०,००० रीडिंग, एक रीडिंग २ बाइटचं, म्हणजे सेकंदाला १,६०,००० बाइट एसपीआयवरनं (चिपांनी एकमेकांशी डेटा बोलायची सिरीयल लाइन) आत येणार. एसपीआय कंट्रोलरचा फिफो, म्हणजे बाइट थांबतात ती छोटी रांग, १६ बाइटचा, निम्मा भरला की इंटरप्ट (सीपीयूला हाक), म्हणजे सेकंदाला २०,००० इंटरप्ट आणि प्रत्येक वेळी सीपीयूने हातातलं काम टाकून आठ-आठ बाइट उचलायचे. बेंचवरचे मामा म्हणाले, "ह्यो ग्राफ मधीमधी तुटूलाय बघ की." खरंच तुटत होता. डीएमए म्हणजे सीपीयूला न गुंतवता डेटा थेट मेमरीत ने-आण करणारं हार्डवेअर, त्याने ४,०९६ बाइटचा ब्लॉक एकदम घेतला तर तेच इंटरप्ट सेकंदाला ४० च्या आत येतात, म्हणून हा खटाटोप.

पहिलं काम डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत. कंट्रोलरच्या नोडमध्ये 'डीएमएज' आणि 'डीएमए-नेम्स' घाला, नावं 'टीएक्स' (पाठवायचं) आणि 'आरएक्स' (घ्यायचं). रिक्वेस्ट लाइनचा (कंट्रोलर डीएमएला हाक मारतो ती लाइन) नंबर चिपच्या मॅन्युअलमधनंच घ्या, दुसऱ्या बोर्डाची फाइल बघून उतरवू नका, नंबर चुकला तर एरर येत नाही, ट्रान्स्फर नुसतं लटकून राहतं. मग प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना चालणारं फंक्शन) डीएमए_रिक्वेस्ट_चॅनने दोन्ही चॅनेल मागा. 'प्रोब डिफर' परत आला तर तोच वर पाठवा, डीएमएचा ड्रायव्हर अजून उठलेला नसतो एवढंच, आणि नोडमध्ये चॅनेल दिलेलंच नसेल तर गुपचूप जुन्या पीआयओवर (सीपीयूनेच बाइट उचलायची पद्धत) चालू द्या.

आता स्लेव्ह कॉन्फिग, म्हणजे डेटा कुठनं आणि किती-किती उचलायचा ते डीएमएला सांगणं, आणि इथंच बहुतेकजण अडकतात. फिफोचा पत्ता द्यायचा तो फिजिकल, आयओरीमॅप करून मिळालेला नव्हे. आयओरीमॅपचा पत्ता म्हणजे घरात हाक मारायचं नाव, ते सीपीयूलाच कळतं, डीएमएला रेशन कार्डावरचं नाव लागतं. रिसोर्सचा स्टार्ट अधिक डेटा रजिस्टरचा ऑफसेट, एवढं साधं आहे. विड्थ शब्दाच्या साइजइतकी ठेवा, आणि मॅक्सबर्स्ट (एका रिक्वेस्टला किती उचलायचं) फिफोच्या वॉटरमार्कशी (किती भरल्यावर रिक्वेस्ट उठते) जुळवा: आठ बाइटवर रिक्वेस्ट उठत असेल आणि तुम्ही बर्स्ट सोळा बाइटचा दिला, तर न आलेले बाइटसुद्धा तो वाचून नेतो.

मॅपिंग, म्हणजे बफर डीएमएला वापरता येईल असा तयार करणं, हाताने करत बसू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. कंट्रोलरमध्ये डीएमए_टीएक्स, डीएमए_आरएक्स भरा, कॅन_डीएमए हे फंक्शन लिहा, ते 'हो' म्हणालं की एसपीआय कोअर (कर्नलमधला सगळ्या एसपीआय ड्रायव्हरांचा सामाईक कोड) स्वतःच बफर मॅप करून एसजी टेबल (बफरच्या तुकड्यांची यादी) हातात देतो. मी पहिल्यांदा सगळं स्वतः केलेलं. स्ट्रक्चरमध्ये एक काउंटर आणि त्याला लागूनच रिसीव्ह बफर. कधीतरी ब्लॉकची पहिली दोन रीडिंग जुनीच यायची, रोज नाही, तासातनं एकदा. सेन्सर बदलला, केबल बदलली, चार दिवस गेले. शेवटी प्रत्येक वाचनाआधी बफरमध्ये ए५ (खुणेचा एक ठरावीक बाइट) भरायला लागलो, आणि एका ब्लॉकच्या सुरुवातीला तेच ए५ तसंच बसलेलं दिसलं. काउंटर आणि बफरची सुरुवात एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (सीपीयूचा कॅश मेमरीशी एकदम देवाणघेवाण करतो तो तुकडा) होती, डीएमए मेमरीत नवं लिहीत असताना सीपीयू काउंटर वाढवायचा, ती अख्खी लाइन कॅशमधनं परत मेमरीत गेली की नव्यावर जुनं पडायचं. बफर वेगळा केमॅलॉकने (कर्नलकडनं मेमरी मागायचं फंक्शन) घेतला आणि ते थांबलं. कोअर मॅपिंग करतो, पण बफर कुठला द्यायचा हे क्लायंट ड्रायव्हरच्याच (इथं सेन्सरचा ड्रायव्हर) हातात असतं, त्यामुळं स्टॅकवरचा बफर तर कधीच देऊ नका.

ट्रान्स्फरमध्ये क्रम असा: आधी आरएक्सचा डिस्क्रिप्टर (एका ट्रान्स्फरची कामाची चिठ्ठी) प्रेप करून सबमिट, मग टीएक्सचा, मग दोघांनाही इश्यू_पेंडिंग (आता सुरू कर), आरएक्सला आधी, आणि त्यानंतर कंट्रोलरमधले डीएमएचे बिट ऑन. टीएक्स आधी सुटला तर एसपीआयचं क्लॉक चालू होतं आणि आलेला डेटा उचलायला कोणी नसतं, फिफो ओव्हररन. कॉलबॅक (काम संपलं की बोलावलं जाणारं फंक्शन) आरएक्सवर लावा, कारण टीएक्स संपला म्हणजे बाइट फिफोत पोचले, वायरवरनं गेले असं नव्हे. कॉलबॅकमध्ये नुसतं फायनलाइज करा (ट्रान्स्फर संपलं असं कोअरला कळवा), तिथं झोपता, म्हणजे वाट बघत थांबता, येत नाही. क्लायंटने फक्त टीएक्स बफर दिला तर काय, म्हणून कंट्रोलरला 'मस्ट आरएक्स' फ्लॅग लावा, कोअर डमी बफर देतो.

टाइमआउट झाला तर दोन्ही चॅनेलवर टर्मिनेट_सिंक (ट्रान्स्फर तोडून ते पुरतं थांबेपर्यंत वाट बघतं), मग फिफो रिकामा. टर्मिनेट_सिंक कॉलबॅकच्या आतनं बोलवू नका, अडकून बसेल.

पीआयओचा कोड काढून टाकू नका. फिफोत मावेल एवढ्या ट्रान्स्फरला डीएमएची मांडामांडच महाग पडते, म्हणून कॅन_डीएमएमध्ये लांबी बघूनच 'हो' म्हणा.

तपासताना कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग ऑन करा, मॅपिंगच्या बऱ्याच चुका तो डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) सांगतो. मोसी-मिसो (एसपीआयच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या डेटाच्या पिना) एका वायरने जोडा आणि १, १५, १६, १७, ४,०९५, ४,०९७ अशा कडेकडेच्या लांब्या पाठवून परत आलेलं जुळवा. मग मॉड्यूल काढून परत घाला, पाचसहा वेळा, चॅनेल रिलीज करायचं राहिलं असेल तर दुसऱ्या वेळी ते मिळणारच नाही.