ओटला, उतार आणि व्हीलचेअर: ढकलणाऱ्यांनी आधी एवढं बघून घ्या

२०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा नंबर वर आहे, कौतुक आहेच, पण व्हीलचेअर घेऊन बाहेर पडा म्हणजे कळतं की अर्धं शहर ओटल्यांवर, म्हणजे घरादुकानासमोरच्या उंच ओट्यांवर, चढून बसलंय. आमच्या आत्याची चेअर घरात आळीपाळीने सगळेच ढकलतो, त्यामुळे रामबागेतल्या जुन्या घरांपासून राजवाड्याच्या गर्दीपर्यंत काय कसं करायचं ते हाताला बसलंय, तेच सांगतो.

पहिली गोष्ट, घरासमोर किंवा दुकानाला जो सिमेंटचा उतार असतो ना, तो स्कूटर चढवायचा असतो, त्याला रॅम्प समजू नका. हिशेब सोपा आहे, एक इंच उंचीला निदान बारा इंच लांबी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा, आणि आपल्याकडे तो असतो जेमतेम तीन फुटांचा! त्यावर चेअर तशीच वर दामटली तर बसलेला माणूस मागे उलटतो, आणि तोंड पुढे करून खाली आणली तर पाय ठेवायची पाटी जमिनीला धडकते आणि माणूस पुढे घसरतो. असा उतार दिसला की तो पायऱ्याच आहे असं धरून चालायचं आणि दुसऱ्याला हाक मारायची.

खऱ्या रॅम्पवर चढताना बसलेल्याने थोडं पुढे झुकायचं, ढकलणाऱ्याने हात ताठ न ठेवता अंगाचा जोर लावायचा. मागच्या हँडलला भाजीची पिशवी लटकवलेली असेल तर आधी काढा, तिच्या वजनाने चेअर मागे कलते. उतरताना उतार जास्त वाटला तर चेअर उलटी फिरवा, म्हणजे तिचं तोंड चढाकडे आणि तुम्ही खालच्या बाजूला, आणि मान वळवून मागे बघत छोटी छोटी पावलं टाका. वेग कमी करायला ब्रेक ओढू नका हो, तो ब्रेक उभ्या चेअरसाठी असतो, चालत्या चाकाला लावला तर जागीच झटका बसतो. उतार तिरका कापायचाही नाही, चेअर खालच्या बाजूला ओढली जाते.

स्वतः चेअर चालवणाऱ्यांनी उतरताना पाठ मागे टेकवायची, चाकाबाहेरची कडी दोन्ही हातांतून सारखी घसरू द्यायची, लांब उतार असेल तर हातमोजे घाला नाहीतर तळवे भाजतात.

फुटपाथची कड चढायची असेल तर चेअर अगदी समोरासमोर लावा. मागे खाली दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यातल्या एकीवर पाय देऊन हँडल खाली दाबायचं, आधी बसलेल्याला सांगून, की आता मागे कलवतोय. पुढची छोटी चाकं वर टेकली की पुढे ढकलत जायचं, मागची मोठी चाकं कडेला लागली की उचलत ढकलायचं. उतरताना उलटं, पाठ आधी, मोठी चाकं दोन्ही एकाच वेळी खाली येऊ द्या, एक आधी आलं की चेअर कलंडते. मागे उलटू नये म्हणून काही चेअरना जादा छोटी चाकं असतात, ती कडेला अडकतात, म्हणून आधी वर वळवायची आणि काम झालं की परत लावायची, हे विसरायला फार होतं.

पायऱ्यांचं मात्र एकट्याने करायचंच नाही, कितीही ताकद असो. कमीत कमी दोघं. ताकदवान माणूस मागे हँडलला, दुसरा पुढे फ्रेमला धरून. फ्रेमला म्हणजे फ्रेमलाच, हात टेकवायचा दांडा आणि पायाची पाटी बहुतेक चेअरमध्ये निघणारी असते, भर पायरीवर ती हातात आली तर काय करणार? हँडलचं रबर आधी ओढून बघा, सैल झालेलं असतं. पट्टा लावा. चढताना चेअरची पाठ पायऱ्यांकडे, मोठ्या चाकांवर कलवलेली, एक पायरी, थांबा, श्वास घ्या, मग पुढची. उतरताना तोंड पुढे, चेअर तशीच मागे कलवलेली, पुढचा माणूस खालच्या पायरीवर. "चल, एक, दोन" असं मोठ्याने म्हणत जा, बसलेल्यालाही कळतं. ज्या चेअरला चारही चाकं छोटी असतात ती पायऱ्यांवर अशी चालत नाही, तेव्हा माणसाला वेगळं उचलून न्या आणि चेअर नंतर.

हवेची चाकं असतील तर हवा महिन्यातून एकदा तरी बघा, हवा कमी असली की ब्रेक टायरला नीट घट्ट बसत नाही आणि उतारावर उभी केलेली चेअर हळूच सरकायला लागते. आणि बॅटरीवाली चेअर पायऱ्यांवर उचलायच्या भानगडीत पडू नका, ती बसलेल्या माणसाशिवायच भयंकर जड असते, उतारावर तिची मोटर चाकांपासून मोकळी करणारा खटकाही हलवू नका, कारण त्यानंतर तिला धरायला ब्रेक उरत नाही.