मोहरीचं तेल काढताय? या चुका टाळा

नवा एक्सपेलर, म्हणजे फिरत्या लांब स्क्रूने दाणा दाबून तेल काढणारं मशीन, घेतलेल्याचा फोन ठरलेला असतो: "दादा, मशीनच फॉल्टी निघालं, तेल येत नाही." जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत. घाई नडलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भरलेलं मशीन तसंच बंद करणं. शेजारच्या तालुक्यातल्या एका पोराने जेवायची वेळ झाली म्हणून वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे दाणे टाकायच्या नरसाळ्यात, मोहरी असतानाच बटण बंद केलं. तासाभराने चालू केलं तर मोटर नुसती गुरगुरली. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, शेवटी मोटरच्या आतल्या तारांचं वाइंडिंग जळाल्याचा वास आला. स्क्रू फिरतो तो चेंबर खोलला तर स्क्रूच्या आट्यांत पेंड सिमेंटसारखी बसलेली. छिन्नी-हातोडीने ती खरवडता खरवडता अंधार पडला, मोटर भरायचा खर्च वेगळा. बंद करायच्या आधी मी मोहरी टाकणं थांबवतो, पेंड बाहेर पडते तिथला, दाब कमीजास्त करणारा कोन सैल करतो आणि जुनी कोरडी पेंड घालून मशीन रिकामं होईपर्यंत फिरवतो. मध्येच वीज गेली तर मेन स्विच पाडून पुली हाताने फिरवून बघायची. फिरत नसेल तर बटणाला हात लावायचा नाही, गरम असतानाच चेंबर खोलायचा.

सुरुवातही पेंडीनेच, कोन सैल ठेवून. चेंबर तापला की थोडा थोडा आवळा. पहिल्या मिनिटाला आवळणारे पुढे माझ्याच दारात येतात.

दुसरी चूक ओलीची. लाकडी घाण्यात मोहरी घालताना पाणी शिंपडतात. मोहरीचा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो, म्हणून कच्च्या घाणीचं तेल नाकात जातं. तेच बघून लोक एक्सपेलरमध्येही पाणी मारतात. मग लगदा होतो, स्क्रू घसरतो, तेलाला फेस येतो. एक्सपेलरला साधारण ५ ते ७ टक्के ओल पुरे. मी दाणा दाताखाली धरतो. कट्कन फुटला तर चालेल, चपटा झाला तर अजून एक ऊन द्यायचं. फार वाळवलीत तर पेंडीचा भुगा होऊन तेलात उतरतो. पेंड पातळ, कोरड्या पापुद्र्यांनी पडली की ओल जमली.

तेल जास्त निघावं म्हणून मोहरी खरपूस भाजणं मला अजिबात पटत नाही. दाण्यात तेलच ३५ ते ४२ टक्के, त्यातलं थोडं पेंडीत राहणारच. त्या थोड्यासाठी झणका घालवायचा आणि तेल काळं करायचं?

खडे आणि खिळे: चाळणी आणि चुंबक, दोन्ही. एक खिळा स्क्रूचा आटा खातो.

स्वस्तात मिळाली म्हणून न निवडलेली मोहरी घेऊ नका. पिवळ्या धोत्र्याचं बी तिच्याच मापाचं आणि काळं असतं, चाळणीला सापडत नाही. भिंगाखाली त्याचं अंग जाळीदार, खरखरीत दिसतं. १९९८ साली दिल्लीत या बियांच्या तेलाच्या भेसळीने ड्रॉप्सीची, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या आजाराची, साथ आली आणि साठाहून जास्त माणसं दगावली. इथे सवलत नाही. शंका आली तर त्या राशीचं तेल काढायचंच नाही, ती पेंड म्हणून गुरांनाही घालायची नाही.

तेल त्याच दिवशी बाटलीत भरू नका. स्टीलच्या टाकीत गाद बसू द्या, वरचं तेल कापडातून गाळा. बाटली आतून कोरडीठक्क हवी.