ओल्या कचऱ्याचं घरीच खत करताना या चुका टाळा

मोठ्या हौसेनं बादलीला भोकं पाडली जातात, आठवडाभर भाजीची देठं त्यात पडतात आणि मग वास सुटतो, चिलटं होतात. घरातून तक्रार आली की बादलीची रवानगी गच्चीवर. बहुतेक घरांत हे एकाच कारणानं होतं : सुका माल कमी पडतो.

दुधीची साल, कलिंगडाच्या फोडी, पालेभाजी यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते सुटून तळाशी साचलं की मधल्या पोकळ्या बुजतात, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. कचरा कुजण्याऐवजी सडतो तो इथे. म्हणून एक वाटी ओल्या कचऱ्यावर किमान एक वाटी सुका पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा लाकडाचा भुसा दर वेळी पडलाच पाहिजे. नासक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडली आहे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. दोन्हींवर उपाय तोच, सुका माल घालून तळापासून वर-खाली करणं. मूठभर माल पिळून बघा. पाणी ठिबकलं तर ओल जास्त, गोळाच होत नसेल तर थोडं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा.

सुका माल विकत कशाला आणायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे ढीग लागतात आणि सकाळी सकाळी त्यांना काडी लावली जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर आणि सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली, तरी हे चालूच आहे, याचं खरंच वाईट वाटतं. झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा आणि दोन-तीन पोती भरून घ्या. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही तेव्हा तीच उपयोगी पडतात.

अळ्या दिसल्या की लोक घाबरून फवारा मारतात. तसं करू नका. जाड, मळकट पांढऱ्या आणि नंतर तपकिरी होणाऱ्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या कचरा झपाट्यानं खातात आणि ती माशी चावत नाही. नकोशा वाटत असतील तर वर सुक्या पाल्याचा जाड थर द्या.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी बादलीत टाकू नका. ती विरघळायला मोठ्या प्रकल्पातलं ६० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं; घरच्या बादलीत ते टिकत नाही. नारळाची करवंटी, हाडं आणि तेलाचा तवंग असलेल्या भाज्या बाहेरच ठेवा. निर्माल्यातल्या हारांचा दोरा आधी काढा, नाहीतर पुढे तो झाडाच्या मुळांत गुंततो.

शेवटची चूक घाईची. अर्धवट कुजलेला माल कुंडीत घातला तर तो तिथेच तापतो, मातीतलं नत्र ओढतो आणि रोप पिवळं पडतं. दोन-तीन महिने थांबा. तयार खत गडद तपकिरी, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. दोन्हीकडे तो जिओस्मिन या एकाच द्रव्याचा असतो. चाळणीतून खत चाळून घ्या. वर उरलेले जाडसर तुकडे फेकू नका, नव्या बादलीच्या तळाशी पसरा. त्यातल्या जिवाणूंमुळे पुढचा कचरा लवकर कुजायला लागतो.