पहिली इलेक्ट्रिक गिटार: साधी घ्या, आणि रंगाआधी नेक बघा

दहावीचा निकाल लागला की मला दरवर्षी सांगलीच्या विश्रामबागेतून, नाहीतर मिरजेहून कुणाचा तरी फोन येतोच, पोराला मार्क चांगले पडलेत, इलेक्ट्रिक गिटार पाहिजे म्हणतोय, कुठली घेऊ सांग. मी ब्रँड सांगायच्या आधी एकच विचारतो, पैसे किती ठरवलेत आणि त्यात अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, धरलाय का. बहुतेक वेळा धरलेला नसतो. अकूस्टिकला लाकडी पेटी असते, आवाज तिथंच मोठा होतो, पण इलेक्ट्रिकचं अंग भरीव असतं, नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून वीस हजार ठरवले असतील तर गिटारला तेरा-चौदा, छोट्या अँपला चार-पाच, आणि उरलेले केबल, तारांचा एक जादा सेट आणि सेटिंग (तारांची उंची, नेकचा बाक, सूर नीट जुळवणं) करून घ्यायला ठेवा. ही शेवटची रक्कम कुणीच ठेवत नाही आणि मी सगळ्यात जास्त आग्रह तिचाच धरतो.

माझं स्वतःचं सांगतो. माझी पहिली गिटार काळी, टोकदार, फ्लॉइड रोज पद्धतीच्या हलत्या ब्रिजची होती (ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथं टेकतात तो भाग), दिसायला एकदम भारी. दुकानदारानं सांगितलं प्रोफेशनल लोक हीच वाजवतात. घरी आणली आणि ट्यूनच होईना, एक तार वर घेतली की बाकीच्या पाच उतरायच्या, परत त्या लावल्या की पहिली बिघडायची, दोन महिने मी वाजवण्यापेक्षा ट्यूनिंगच करत बसलो आणि मला वाटायला लागलं की आपल्यालाच सूर कळत नाही. खरं कारण साधं आहे. त्या प्रकारचा ब्रिज गिटारच्या अंगात तरंगता असतो, एका बाजूनं तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, दोघांचा तोल जमला तरच तो जागेवर राहतो, त्यामुळं एका तारेचा ताण बदलला की सगळ्यांचा बदलतो. चांगल्या पोलादात बनवलेला असेल आणि हात बसलेला असेल तर तो उत्तम चालतो, पण स्वस्त नकलेत धातू मऊ असतो, ज्या धारेवर ब्रिज टेकतो ती झिजते आणि मग तो परत मूळ जागेवर येतच नाही. शिकणाऱ्या पोराचा उत्साह असा वाया गेलेला बघवत नाही मला.

म्हणून पहिली गिटार फिक्स, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची बघा. टेलिकास्टर आकाराची मिळाली तर फारच छान. लिओ फेंडर यांनी हे डिझाइन १९५० च्या सुमारास बाजारात आणलं, लाकडाची एक फळी, स्क्रूनं बसवलेला नेक म्हणजे लांब दांडी, तारांची थरथर पकडणारे दोन पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. बिघडायला त्यात फारसं काही नाहीच, आणि म्हणूनच कमी पैशात बनवली तरी ती बरी बनते. फेंडरचीच १९५४ मध्ये आलेली स्ट्रॅटोकास्टर जास्त देखणी आणि दुकानात जास्त दिसते, तिला हलता ब्रिज असतो पण साधा, तो त्रास द्यायला लागला तर मागचं प्लास्टिकचं झाकण काढून आतले दोन मोठे स्क्रू आवळून घ्यायचे, स्प्रिंगांचा ताण वाढतो, ब्रिज लाकडाला चिकटून बसतो आणि गिटार फिक्ससारखी वागते.

पिकअपचं एवढं कळलं तरी पुरे. चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, वरून पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीकसा करंट तयार होतो, तो केबलमधून अँपला जातो. (म्हणून अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर चढवू नका, चुंबकाला त्या नीट लागत नाहीत.) वेढ्यांची अशी एकच गुंडाळी (कॉईल) असलेला पिकअप म्हणजे सिंगल कॉईल, आवाज स्वच्छ, टोकदार, पण घरातल्या लाईनची ५० सायकलची घरघर तो पकडतो. हंबकरमध्ये दोन कॉईल उलटसुलट जोडलेल्या असतात, तारेचा आवाज मिळून वाढतो आणि घरघर एकमेकांना कापते. पोराला रॉक-मेटल आवडत असेल तर हंबकर, हिंदी-मराठी गाण्यांना साथ, फंक, ब्लूज असलं असेल तर सिंगल कॉईल, आणि ठरत नसेल तर ब्रिजजवळ हंबकर आणि पुढं दोन सिंगल अशी मिळते, यामाहाची पॅसिफिका ०१२ तशीच आहे. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त शाखा, एपिफोन गिब्सनची, शिवाय आयबानेझची जिओ मालिका, कॉर्ट, यातलं काहीही चालेल. लाकूड पॉपलर आहे की बासवूड यावर या किमतीत डोकं शिणवू नका.

आता मुख्य गोष्ट, दुकानात काय बघायचं. ही मी पुस्तकात नाही, मिरजेत शिकलो. सतारी-तंबोरे करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडं माझी ती काळी गिटार नेली होती, त्यांनी पिकअपकडं बघितलंसुद्धा नाही, खुंट्यांकडून डोळा लावून नेकवरून ब्रिजपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, दांडी पिळलीय रे हिची, घोडी बदलून काय करणार. पिढ्यान् पिढ्या सतारीची दांडी निरखणाऱ्या माणसाची नजर ती, एका क्षणात कळलं त्यांना. तेव्हापासून मी पण तसंच बघतो. नेकच्या दोन्ही कडा शेवटपर्यंत एका पातळीत दिसल्या पाहिजेत. थोडी पुढं बाकलेली असेल तर आतला ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली लोखंडी सळई, फिरवून सरळ होते, पण पीळ असेल तर ती गिटार तिथंच ठेवून या, कितीही डिस्काउंट देऊ देत.

बाक किती आहे ते असं बघा. डाव्या हातानं जाड तार पहिल्या पडद्यावर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे) दाबा, उजव्या हातानं तीच तार जिथं नेक अंगाला जोडलाय तिथल्या पडद्यावर दाबा, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यातली फट बघा, साधारण व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी बरोबर. मग बाराव्या पडद्यावर तारांची उंची, बारीक तारेखाली दीड-पावणेदोन मिलिमीटर आणि जाड तारेखाली दोन-सव्वादोन, खिशात शाळेची छोटी पट्टी घेऊन जा. तार यापेक्षा फार उंच असेल तर नव्या पोराची बोटं सोलून निघतात आणि तो महिन्यात गिटार कपाटावर टाकतो. पण उंची ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी कमी करता येते, त्यासाठी चांगली गिटार सोडू नका.

नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून बघा, सहा तारा, बावीस पडदे, एकशेबत्तीस सूर, दहा मिनिटं लागतील आणि दुकानदार वैतागेल, वैतागू दे. कुठं सूर मेल्यासारखा वाटला किंवा खरखरला तर बहुधा त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा पडदा वर उठलेला आहे. बारीक तार पंधराव्या पडद्यावर धरून वर ओढा, ओढता ओढता आवाज बंद पडला तर पडदे एका पातळीत नाहीत. नेकच्या कडेवरून हात फिरवा, पडद्यांची टोकं टोचायला नकोत. शेवटी अँप लावून व्हॉल्यूमची बटणं फिरवा, केबल थोडी हलवून बघा, सतत करकर आली तर जॅक (केबल खुपसायची जागा) सैल आहे, तो दुकानातूनच नीट करून घ्या.

ऑनलाइन सहा-सात हजारात गिटार, अँप, बेल्ट, पिशवी असा सगळा कॉम्बो मिळतो, माझं मत विचाराल तर नको. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात जुनी, पण चांगल्या कंपनीची बघा, इंजिनिअरिंग संपवून पुण्याला नोकरीला निघालेली पोरं विकतात. फक्त आपल्याकडं जुनी घेताना एक गोष्ट जास्त तपासायची, २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकडच्या कितीतरी घरांत पाणी होतं. मागचं झाकण काढायला लावा, स्क्रू आणि स्प्रिंगांवर गंज, आत मातीचा थर, गिटार ठेवायच्या पेटीच्या अस्तरावर पाण्याची रेघ यातलं काही दिसलं तर घेऊ नका, वरून पॉलिश कितीही चकचकीत असू दे.

अँप दहा-पंधरा वॅटचा पुष्कळ झाला, हेडफोन लावायची सोय मात्र पाहिजेच, अपार्टमेंटमध्ये शांतता राहते. आणि कृपा करून घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचा हात सरळ त्या अर्थला लागलेला असतो. अर्थिंग नसेल तर नुसता बझ येत नाही, तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि तसंच वाजवताना ओठ माइकला लागला तर जोराचा झटका बसू शकतो. गणपतीच्या मंडपात तीन पिनीची अर्थची पिन काढून दोन पिनीत खुपसतात, तिथं वाजवायला पोराला अजिबात पाठवू नका.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तारा बदलून शून्य नऊचा (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची) बारीक सेट चढवा, नव्या बोटांना हलका पडतो, आणि जाणकाराकडून एकदा सेटिंग करून घ्या. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडलेल्या सुरापेक्षा) चढा येत असेल तर त्या तारेचं सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेखालचा छोटा टेकू, मागं घ्यायचं, उतरा येत असेल तर पुढं, एवढं तर पोरगं ट्यूनरच्या ॲपवर बघून स्वतः शिकेल. ट्रस रॉड मात्र एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कुणालाच फिरवू देऊ नका. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीला ओल येते, पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, आणि वाजवून झालं की तारा सुक्या सुती कपड्यानं पुसा.