पगार थांबला तर

मंदीची चाहूल लागली की आपल्याकडे आधी डबे भरायला घेतात. तांदळाचं पोतं, तूरडाळ, तेलाचे डबे. पण मुंबईत घर अडतं ते बहुतेक वेळा हप्त्यांपाशी. म्हणून सुरुवात बँकेच्या स्टेटमेंटपासून करा. मागच्या तीन महिन्यांची काढा आणि पगार आला नाही तरी जे जाणारच आहे ते वेगळं मांडा: घराचा हप्ता किंवा भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, विम्याचे हप्ते, वीज, गॅस, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे. त्यात किराणा आणि औषधं धरा. हातातल्या पैशाला या बेरजेने भागा, घर किती महिने चालेल ते कळेल. उत्तर सहाच्या खाली आलं तर हप्त्यावर नवा मोबाइल घ्यायचा विषय तिथेच संपवा.

हातातला पैसा कुठला, इथे बरेच जण फसतात. पीपीएफ, सोनं, गावची जमीन सगळं त्यात मोजतात. मोजायचं फक्त तेच, जे दोन दिवसांत खात्यात येऊ शकतं. त्यामुळे पाच लाखांची एकच एफडी असेल तर पुढच्या वेळी लाखाच्या पाच करा. गरज पडली तर एकच मोडता येईल, बाकीचं व्याज चालू राहील.

पैसा कुठे ठेवलाय हेही बघा. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांसाठी मिळून हजार रुपयेच काढता येत होते. ज्यांचा पगार, ठेवी, लग्नाचे पैसे सगळं तिथेच होतं त्यांचे हाल सगळ्या मुंबईने पाहिले. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झालाय. तो एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांमधल्या ठेवी आणि व्याज मिळून. आणि पतपेढीतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही. ऑफिसची पतपेढी, गाववाल्यांची पतपेढी, व्याज एक-दोन टक्के जास्त, चेअरमन ओळखीचे, म्हणून लोक निवृत्तीचा पैसा तिथे ठेवतात. थोडा ठेवा, पण अडचणीच्या काळासाठी ठरवलेला पैसा तिथे नको. भिशीचंही तेच. आपला नंबर लागेपर्यंत तो पैसा आपला नसतो.

कर्जात आधी क्रेडिट कार्ड संपवा. ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिलात तर उरलेल्या रकमेवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसू शकतं. घरकर्जाचं वेगळं असतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग ‘६० दिवसांत सगळं कर्ज फेडा, नाहीतर घर ताब्यात घेऊ’ अशी नोटीस येऊ शकते. तेवढी वेळ येऊच देऊ नका. पहिला हप्ता चुकणार असं दिसलं की लगेच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. २०२० मध्ये हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली होती, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच होतं, हे पुष्कळांना नंतर कळलं.

नोकरी जाते तेव्हा कंपनीचा आरोग्य विमाही जातो, आणि हे कुणाच्या यादीत नसतं. नोकरी आहे तोवरच घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा, किंवा ऑफिसच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का ते एचआरला विचारा. नव्याने काढलेल्या पॉलिसीत आधीच्या मधुमेह-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय रेशनकार्ड बाहेर काढा. पांढरं कार्ड काय कामाचं, म्हणून ते कपाटात पडलेलं असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात आणि तिथे हेच कार्ड मागतात. सुनेचं नाव चढवायचं राहिलं असेल, नातवाचं राहिलं असेल, तर आत्ताच करा. वॉर्डात माणूस असताना रेशनिंग ऑफिसच्या खेपा होत नाहीत. रोजच्या गोळ्यांसाठी जवळचं जनऔषधी केंद्र शोधून ठेवा, आणि केईएम, सायन, नायरची ओपीडी कधी असते तेही.

दुसरी मिळकत संकट आल्यावर उभी राहत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा गिरणगावातली कितीतरी घरं बायकांच्या कामावर आणि गावच्या तांदळावर तगली. खानावळी चालवणाऱ्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना त्याआधीच, १९७५ मध्ये, उभी राहिली होती. डबे, शिकवण्या, शिवण, हिशेब लिहिणं, जे येत असेल त्याची दोन-चार गिऱ्हाइकं आत्ताच जोडा. मिळणारे पैसे आज किरकोळ वाटले तरी चालतील.

काटकसरीत पहिली कुऱ्हाड कामवाल्या मावशींवर पडते, ते मला पटत नाही. त्यांच्या घरीही तीच मंदी असते. आधी चार ओटीटी, बंद पडलेली जिम आणि रविवारचं हॉटेल बघा.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. दोन महिन्यांचं धान्य पुरे. वन रूम किचनमध्ये पावसाळ्यात वर्षाच्या डाळीला टोके लागणारच. मसाला मात्र मे महिन्यात वर्षाचा करून घ्या. वाण्याची उधारी आजच चुकती करा, म्हणजे उद्या मागता येईल.

राहिला गणपती. तो खर्च कोकणातल्या माणसाला कुणी कमी करायला सांगू नये, पण बजेट आषाढातच ठरवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी तिकिटं काढा, नाहीतर ऐन वेळी खासगी बसवाला म्हणेल तेवढे मोजावे लागतील.