बाळाचा कॉट जोडायचा कसा (मनात नसताना)

आधीच सांगतो, मला कॉट नकोच होता. बाळ यायच्या आधी काही आणू नये म्हणतात, आणि आजीचा पाळणा माळ्यावर आहेच की, या दोन सबबींवर मी तीन महिने काढले. सातव्या महिन्यात बायकोने ऑर्डरच टाकली. मग काय, बसलो.

खोका त्याच खोलीत फोडा जिथे कॉट राहणार आहे. मी हॉलमध्ये जोडला, कारण मॅच चालू होती, आणि मग पॅसेजच्या वळणावर तो असा अडकला की अर्धा परत खोलावा लागला.

स्क्रूच्या पिशव्या एकदम ओतू नका. इडलीचा साचा घ्या, प्रत्येक खळग्यात एक प्रकार (नंतर घासून ठेवा, नाहीतर ऐकावं लागतं). बोल्ट दिसायला सेम पण लांबीत थोडा फरक असू शकतो, तेव्हा पट्टी लावून बघाच, लांबवाला चुकीच्या भोकात गेला की पलीकडून डोकं काढतो.

आता मेन गोष्ट, यातच माझी रात्र गेली: कुठलाच बोल्ट आधी फुल टाइट करायचा नाही. सगळे हाताने अर्धे फिरवा, चारही बाजू उभ्या राहू देत, मग समोरासमोरचे कोपरे धरून थोडं थोडं आवळा. पहिलाच कोपरा कचकचून आवळला तर शेवटच्या कोपऱ्यात भोकाला भोक जुळतच नाही आणि तुम्हाला वाटतं कंपनीने चुकीचा पीस पाठवला. मी तर कस्टमर केअरला फोन लावून बसलो होतो. ड्रिल मशीनने आवळू नका, भुशाच्या बोर्डात भोक सैल झालं की संपलं. गोल कॅम लॉक (फिरवला की बोल्टचं डोकं पकडणारी चकती) असेल तर त्यावरचा बाण आधी बोल्ट येतो त्या बाजूला करा, मग फिरवा.

खालची फळी नवजात बाळासाठी वर लावली तरी चालते, पण ते बसायला लागलं की लगेच खालच्या लेव्हलला.

झाल्यावर पट्टी परत घ्या. दोन दांड्यांत साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. नेटवर कोल्ड्रिंकचा कॅन घालून बघा म्हणतात (आरपार गेला तर फट जास्त), तो अमेरिकन जाडा कॅन, आपल्याकडचे बरेच बारीक असतात. गादी आणि कडेच्या मधे दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. नातेवाईक परदेशातला जुना कॉट देत असतील आणि त्याची बाजू खाली सरकत असेल तर गोड बोलून नाही म्हणा, अमेरिकेत असल्या कॉटवर २०११ पासून बंदी आहे. आत उशी, लोड, बंपर (दांड्यांना आतून बांधतात ती मऊ पट्टी) काही नको, बाळ पाठीवर, बस. मोहरीच्या उशीवरून आईशी माझं वाजलं, ते अजून चालूच आहे.

सोबत ड्रॉवरचं कपाट घेतलं असेल तर ते भिंतीला गिट्टी मारून फिक्स करा, पोरं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येतं.

पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा परत आवळा. आणि ती ॲलन की (बोल्ट आवळायची वाकडी षटकोनी किल्ली) न् तो जोडणीच्या सूचनांचा कागद कपाटाच्या दाराला आतून उंचावर चिकटपट्टीने लावून ठेवा, फळी खाली करायची वेळ येईल तेव्हा एका हातात बाळ असणार.